दोन जंगलं जोडणारा हिरवा पट्टा किती रुंद हवा?

‘ओढ्याकाठची जागा घेतली तरी तेवढीच हिरवी जागा दुसरीकडे देतायत, मग बिघडलं कुठे?’ हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचून जुनं दुखणं ठसठसलं. रुंदीचं नंतर बघू.

मी आराखडे काढणाऱ्यांपैकीच. एका मोठ्या ले-आउटमध्ये दोन टेकड्यांवरचं रान जोडणारा एकच ओढा होता. त्याचे दोन्ही काठ मी सलग मोकळे सोडले होते. वरिष्ठांनी तिथे प्लॉट पाडले आणि मोकळी जागा कोपऱ्यांत उरलेल्या तिरक्या तुकड्यांतून भरून काढली. म्हटलं, "साहेब, ओढा तुटला." तर म्हणे, "मोकळ्या जागेची टक्केवारी बसते ना?" बसत होती, दशांशासकट! रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला नळमोरी टाकली, तीही अशी की पाइपाचं खालचं तोंड ओढ्याच्या तळापासून गुडघाभर वर. बेडकाने चढायचं कसं? मग मुंगूस, रानमांजर वरून रस्ता ओलांडतात आणि चाकाखाली येतात. मोरीचा तळ ओढ्याच्या पातळीला ठेवणं, कडेने कोरडी पायरी सोडणं हे कागदावर एका रेषेचं काम. नंतर रस्ता फोडावा लागतो.

"जनावरं काय नकाशा बघून चालतात?" हे साहेबांचं लाडकं वाक्य. नाही चालत, पण वाट दिली तर वापरतात. कॅनडातल्या बॅन्फमध्ये महामार्गाला कुंपण घालून प्राण्यांसाठी ६ पूल आणि ३८ भुयारी मार्ग केले. एल्क नावाची मोठी हरणं लवकर रुळली, ग्रिझली अस्वलांना काही वर्षं लागली. प्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. कुंपणाशिवाय नुसता पूल म्हणजे पैसे पाण्यात. आपल्याकडे पेंचला महामार्ग ४४ खालून वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत, पण खालून वाट सोडणारे ते उन्नत रस्ते कोर्टकचेरीनंतर मिळाले.

आता रुंदी. एक आकडा नाही. बॅन्फमध्येच ग्रिझलीला रुंद, उघडी वाट आवडते, तर काळं अस्वल आणि प्यूमा (तिथलं मोठं रानमांजर) अरुंद, आडोशाची वाट धरतात. आधी प्राणी ठरवा. पट्टा जितका लांब, तितका रुंद हवा. नाहीतर सगळी कडाच उरते, म्हणजे दिवे, कुत्री आणि तण.

हो, जोडणी म्हणजे सगळं चांगलंच असं नाही. त्याच वाटेने रोग, वणवा आणि उपद्रवी तणही जातं. आणि दोन्ही टोकांची जंगलंच मेली असतील तर पट्ट्याचा उपयोग शून्य.

हरकत नोंदवाल तेव्हा हिरवं किती ते विचारू नका. ओढा नकाशावर नेमका कुठे तुटतो तिथे बोट ठेवा आणि मोरीचा छेद, म्हणजे ती आडवी कापून दाखवणारं रेखाचित्र, मागा. टक्केवारीचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. छेद आमच्या साहेबांनी कधी उघडूनही पाहिला नव्हता.