सी सोडून थेट रस्ट शिकावी का?

मुलुंडहून पत्र लिहिणाऱ्या पालकांस,

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे, तिला सायबर सुरक्षेत काम करायचे आहे आणि सी ही प्रोग्रामिंगची भाषा असुरक्षित असल्याचे ऐकल्यापासून ती फक्त रस्ट या मेमरीच्या चुका रोखणाऱ्या नव्या भाषेवरच भर देऊ पाहते आहे. त्यासाठी महागडा क्लास लावावा का, असे आपण विचारले आहे. तिने ऐकले ते खरे आहे. त्यावरून तिने घेतलेला निर्णय मात्र मला घाईचा वाटतो.

सीमध्ये प्रोग्राम नेमून दिलेल्या मेमरीच्या पलीकडे वाचू लागला, तरी भाषा त्याला स्वतःहून अडवत नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘हार्टब्लीड’ त्रुटीत नेमके हेच घडले. असंख्य संकेतस्थळे वापरत असलेल्या ओपनएसएसएल या लायब्ररीत (इतर प्रोग्रामांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचात), समोरच्याने पाठवलेल्या मजकुराची त्यानेच सांगितलेली लांबी पडताळून न पाहता तेवढी मेमरी परत पाठवली जात असे, त्यामुळे एकेका विनंतीसरशी ६४ किलोबाइटपर्यंतचा ऐवज, प्रसंगी पासवर्डसुद्धा, बाहेर जाऊ शकत होता. जावा, गो या भाषांत किंवा नेहमीच्या पद्धतीने लिहिलेल्या रस्टमध्ये असे मर्यादेबाहेरचे वाचन तिथल्या तिथे रोखले जाते. अँड्रॉइडमधील एकूण सुरक्षा त्रुटींत मेमरीशी निगडित त्रुटींचे प्रमाण २०१९ मध्ये ७६ टक्के होते, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे गूगलने जाहीर केले. आणि हे जुना सगळा कोड पुन्हा लिहून नव्हे, तर मुख्यतः नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिल्यामुळे साधले.

असे असले तरी डिसेंबर २०२१ मध्ये जगभर धावपळ उडवणारी लॉगफोरजे या, प्रोग्रामच्या घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या लायब्ररीतील त्रुटी जावामधलीच होती. नोंदीत टिपायच्या मजकुरात दडवलेला आदेश ती लायब्ररी इमानेइतबारे पाळत असे आणि त्यातून हल्लेखोराला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येई. एका ग्राहकाने दुसऱ्याचा खाते क्रमांक टाकताच त्याचे विवरण दिसावे, हा दोषही कोणत्याच भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड तपासून यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) पकडणार नाही. मुंबईत बँका आणि वित्तसंस्थांचे काम मोठे असल्याने नवोदितांच्या वाट्याला बहुधा अशाच वेब ॲप्लिकेशनची तपासणी येते, आणि तिथे जावाचा कोड वाचता येणे उपयोगी पडते.

म्हणून तिने सी सोडू नये. मर्यादा ओलांडणारे छोटे प्रोग्राम मुद्दाम लिहून ते ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका चालतेवेळी पकडणारे साधन लावून चालवावेत. रस्ट नक्की कशापासून वाचवते, हे त्यानंतरच उमगते. तिसऱ्या वर्षी रस्ट अवश्य घ्यावी, सोबत डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय केवळ परीक्षेपुरते उरकू नयेत. (विद्यार्थी नेमके तेच उरकतात.)

क्लासचे शुल्क तूर्त भरू नये. रस्टचे अधिकृत पाठ्यपुस्तक आंतरजालावर विनामूल्य आहे, आणि ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचे ‘ज्यूस शॉप’ हे मुद्दाम सदोष ठेवलेले सराव-ॲप घरच्या संगणकावर चालवता येते. येत्या सुट्टीत तिने त्यातील दोष शोधून प्रत्येकाचे कारण आणि उपाय लिहून काढावा. मुलाखतीत दाखवायला ती वही प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगाची ठरेल.