हलके काम दिले, तरी ती दुखावली का?

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आम्हा पती-पत्नींचा शालेय गणवेश शिवण्याचा कारखाना असून तेथे ३८ कामगार आहेत. ओव्हरलॉक (कापडाच्या कडा पक्क्या करणाऱ्या) मशीनवरील एका मुलीला पाचवा महिना लागला आहे. तिला त्रास नको म्हणून मी तिला धागे तोडण्याच्या कामावर बसवले, तर ती दुखावली आणि दोन दिवस आलीच नाही. बाळंतपण जूनच्या मध्यावर, म्हणजे ऐन हंगामात आहे. तिचा नवरा आमच्याकडेच कटिंगला आहे. इतर बायका ‘आमच्या वेळी कोणी एवढे केले?’ असे म्हणतात. मी काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला हेतू चांगला होता, यात शंका नाही; परंतु तिची मजुरी महिन्याची आहे की नगावर, हे आपण लिहिलेले नाही आणि सगळी मेख तिथेच असावी. मजुरी नगावर असेल, तर ओव्हरलॉकवरून उठवून धागे तोडायला बसवणे म्हणजे घरात खर्च वाढण्याच्या तोंडावर तिची कमाई कमी करणे होय. नगावर काम करणाऱ्या कित्येक जणी दिवस गेल्याचे जमेल तितके दिवस लपवतात, त्याचे कारण हेच.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० (पूर्वीचा प्रसूती लाभ कायदा, १९६१) नुसार बाळंतपणापूर्वीच्या साधारण अडीच महिन्यांत स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा तासन्‌तास उभे राहण्याचे काम देता येत नाही, आणि तेवढ्या कारणावरून मजुरीही कापता येत नाही. तिच्या बाबतीत ही मुदत एप्रिलच्या सुरुवातीला येते. आपण मात्र हे संरक्षण आजपासूनच द्यावे आणि काम बदलायचे की नाही, हे तिलाच विचारावे. कदाचित तिला ओव्हरलॉकच हवे असेल. फक्त पाठीला टेकण असलेली खुर्ची, उन्हाळ्यात इस्त्रीच्या टेबलापासून दूरची जागा आणि मधून मधून उठण्याची मोकळीक हवी असेल. तिची पाण्याची बाटलीही एकदा पाहा. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जात असेल, तर शौचालय लांब किंवा अस्वच्छ आहे म्हणून ती पाणीच पीत नाही, असे समजावे.

मागील १२ महिन्यांत तिचे ८० दिवस काम झाले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा तिचा हक्क आहे. त्यांपैकी ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. पूर्वीच्या कायद्यातील ही तरतूद संहितेतही कायम आहे. तिचे कामगार विम्याचे (ईएसआय) हप्ते नियमित भरले असतील, तर या काळातील रक्कम आपल्या तिजोरीतून नव्हे, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून येते. विमा नसेल, तर ती आपल्याला द्यावी लागते आणि रजेपूर्वीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून ठरते. म्हणजे आज घटलेली मजुरी तिला पुढे रजेतही घटलेलीच मिळेल.

पाळणाघराची सक्ती ५० कामगारांपासून आहे, तेव्हा ती आपल्याला लागू नाही. परंतु ही मुलगी रजेवरून परतल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी रोज दोन जादा मधल्या सुट्या देणे बंधनकारक आहे. घर जवळच, शहराच्या तेलुगूभाषक पूर्वभागात असेल, तर सासूबाई बाळाला रिक्षाने घेऊन येऊ शकतील. त्यासाठी पडदा लावलेला एक कोपरा आणि एक खुर्ची पुरेशी आहे. कापडाच्या गठ्ठ्यांमागची धुळीची जागा मात्र देऊ नका.

नवऱ्याच्या रजेबाबत खासगी कारखान्यांवर कायद्याची सक्ती नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. आपण निदान एक आठवडा पगारी द्यावा. हंगामात कटिंगचा माणूस आठवडाभर नसणे अवघड जाते हे खरे, पण तारीख पाच महिने आधी कळलेली आहे.

इतर बायकांची कुरकुर मत्सराची समजू नका. त्यांच्या वेळी खरोखरच कोणी काही केले नव्हते. म्हणून या सवलती एकीवरील मेहेरबानी न ठेवता सर्वांसाठीचा नियम म्हणून मराठीत आणि तेलुगूत लिहून हजेरीच्या टेबलाजवळ लावाव्यात. तिच्या जागी हंगामापुरती बाई घेताना ‘मशीन अमुक तारखेपर्यंतच’ हे तिला पहिल्याच दिवशी, शक्यतो हिच्यासमोरच सांगावे.