टीम मोटिव्हेट होत नाहीये? आधी सुविचार बंद करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवीन टीम लीड झालात, सात जणांची टीम आहे, 'बेस्ट परफॉर्मर ऑफ द मंथ' सुरू केलं, शुक्रवारी गेम्स ठेवले, ग्रुपवर रोज सकाळी एक सुविचार टाकता, आणि तरी दोन सिनियर मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून 'ओके' एवढंच बोलतात. आता यांना मोटिव्हेट कसं करू असं विचारलंय. सुविचार आधी बंद करा हो, आजपासूनच. बाकीचं सावकाश बोलू.

हसत नाहीये तुम्हाला, हे सगळे उद्योग मी पण केलेत. १५ वर्षं झाली टीम सांभाळतोय, आमच्याकडे तर फिरती ट्रॉफी पण होती, ती शेवटी प्रिंटरच्या मागे सापडली. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: नवीन नोकरीत पहिल्या दिवशी वैतागलेला माणूस मी अजून पाहिला नाही. येताना सगळे बऱ्यापैकी उत्साहात येतात, तो उत्साह जिरवायचं काम ऑफिस करतं आणि त्यात बरेचदा आपला म्हणजे लीडचा हात असतो. त्यामुळे वरून नवीन उत्साह ओतायच्या भानगडीत पडण्यापेक्षा तो कुठे जिरतोय ते शोधा.

माझ्या टीममध्ये एक जण होता, कामाला पक्का, एक्सेलमध्ये तर उस्ताद. दर गुरुवारी तो एक रिपोर्ट बनवायचा, चार ठिकाणचे आकडे गोळा करायचे, जुळवायचे, अर्धा दिवस त्यातच जायचा. हळूहळू तो गप्प होत गेला, म्हणजे काम वेळेत यायचं पण सांगितलं तेवढंच, वर एक ओळ नाही. मी त्याला दोनदा अवॉर्ड दिलं, एकदा बाजूला घेऊन 'तुझ्यात खूप पोटेन्शियल आहे' टाइप भाषण पण दिलं, त्याने मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसला. मग एक दिवस काहीतरी शोधताना मी सहज तो रिपोर्ट उघडला आणि त्याला म्हटलं, अरे ही टोटल चुकलीय. तर म्हणतो, "सर, ती सहा आठवडे चुकलेलीच आहे. मुद्दाम ठेवलीय. कोणी बघतं का ते बघत होतो."

काय बोलणार यावर? चौकशी केली तर ज्यांनी तो रिपोर्ट मागितला होता ते साहेब दुसऱ्या डिपार्टमेंटला जाऊन वर्ष झालं होतं, आणि मेलमधल्या बाकीच्या प्रत्येकाला वाटायचं की दुसरा कोणीतरी वाचत असेल. मी पण त्यातलाच. त्या दिवशी रिपोर्ट बंद केला आणि त्याला सॉरी म्हटलं. तो काही एका रात्रीत बदलला नाही, पण दोनेक महिन्यांनी आपणहून आला की ग्राहकांची तक्रार आपण दोन ठिकाणी एंटर करतो ते एकदाच करता येईल, मी करून बघू का. अवॉर्डने हे झालं नव्हतं.

हा फक्त माझाच अनुभव नाही. ॲडम ग्रँट नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा २००७ चा प्रयोग आहे, विद्यापीठासाठी फोन करून देणग्या मागणाऱ्या लोकांवर केलेला. दिवसभर नकार ऐकायचं काम, वैतागवाणंच. त्यातल्या काही जणांची भेट त्याच देणग्यांमधून स्कॉलरशिप मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली, काही मिनिटांचीच. महिन्याभराने बघितलं तर ते लोक आधीपेक्षा दुपटीहून जास्त वेळ फोनवर होते आणि देणग्याही दुपटीहून जास्त आणत होते, पगार तोच, काम तेच. तेव्हा तुमच्या टीमचं काम पुढे कोणाच्या उपयोगी पडतं ते त्यांना दिसतं का, एवढं एकदा तपासा. कोणी ग्राहकाने 'बरं झालं, काम झालं' असा साधा मेल केला तरी आपल्याकडे दाबून ठेवू नका, जसाच्या तसा फॉरवर्ड करा.

दुसरं म्हणजे काम पुढे सरकणं. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या दोन संशोधकांनी ७ कंपन्यांमधल्या २३८ लोकांच्या रोजच्या डायऱ्या अभ्यासल्या, जवळजवळ १२,००० नोंदी, आणि लोकांचे चांगले दिवस कोणते ते बघितलं. सगळ्यात जास्त वेळा काय निघालं तर ज्या दिवशी महत्त्वाचं वाटणारं काम थोडं तरी पुढे गेलं तो दिवस. आता तुमच्या सिनियरचा दिवस आठवा, अप्रूव्हल अडकलंय, ॲक्सेस मिळत नाहीये, समोरच्या टीमचं उत्तर येत नाही आणि वरून संध्याकाळी तुमचा गेम. माझा अर्धा दिवस अशाच गाठी सोडवण्यात जातो, कोणाला तरी चौथ्यांदा फोन कर, कोणाच्या तरी टेबलापाशी जाऊन उभा राहा. कंटाळवाणं आहे पण लीडचं काम मला तरी हेच वाटतं.

पैशाचं थोडक्यात. हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये २०० च्या आसपास इंजिनियर आणि अकाउंटंटच्या मुलाखतींवरून मांडलं होतं की पगार, पॉलिसी, वरचा साहेब या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या ठीक असल्या म्हणून तो झपाटून काम करेलच असं नाही. त्याच्यावर टीका पण भरपूर झाली, मला मात्र ऑफिसात हेच दिसत आलंय. त्यामुळे पगार कमी असेल तर 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' हे ऐकवू नका, लोक मनातल्या मनात शिव्या घालतात. वाढ तुमच्या हातात नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि वर भांडा. 'पुढच्या सायकलला नक्की बघू' हे तर बोलूच नका, तारखेसकट लक्षात ठेवतात लोक.

आता ते दोन सिनियर. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'तुम्ही बोलत का नाही' असं विचारू नका, दोघांना वेगवेगळं भेटा, दर आठवड्याला अर्धा तास, आणि त्या वेळेत कामाचं स्टेटस अजिबात विचारायचं नाही. मी विचारतो ते असं: या आठवड्यात सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला? आणि यातलं कुठलं काम उद्या बंद केलं तर कोणाला कळणार पण नाही? (दुसरा प्रश्न त्या रिपोर्टनंतरचा.) एक अंदाज सांगतो, चुकीचा असू शकतो, पण बघा: त्यांनी आधी दोनचार सूचना दिल्या असतील, 'चांगली आयडिया आहे, बघू' म्हणून कोणीतरी त्या गुंडाळल्या असतील, किंवा त्यांची आयडिया दुसऱ्याच्या नावाने प्रेझेंटेशनमध्ये गेली असेल. एकदा असं झालं की शहाणा माणूस तोंड बंद ठेवतो. आणि तुमच्या जागेवर त्यांच्यापैकी एकाची नजर होती का, तेही शोधून काढा. असेल तर विषय टाळू नका.

कौतुक करायचं तर नेमकं करा. 'ग्रेट जॉब टीम' ला काही अर्थ नाही. 'काल क्लायंट चिडला होता तेव्हा तू मधे न बोलता त्याला पूर्ण बोलू दिलंस, म्हणून पुढचं सोपं गेलं' असं म्हटलं तर समोरच्याला कळतं की याचं लक्ष होतं. चूक मात्र केबिनमध्ये.

आणि हो, काम न करणारा एखादा टीममध्ये असेल आणि त्याचं काम हे दोघं गुपचूप ओढत असतील तर वरचं सगळं विसरा आणि आधी तो प्रश्न घ्या. चांगली माणसं गप्प होण्यामागे हे कारण मी फार वेळा बघितलंय.

पहिल्या भेटीत दोघंही 'सगळं ठीक आहे' म्हणतील, दुसऱ्या भेटीतही बहुतेक तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादी बारीकशी तक्रार काढतील, एखादा नकोसा कॉल, एखादा फॉर्म, ती मुद्दाम बारीक असते, तुम्ही काय करता ते बघायला. ती दोन दिवसांत निकालात काढा. आणि या महिन्याचं बेस्ट परफॉर्मर सर्टिफिकेट छापून झालं असेल तर देऊन टाका, मधेच बंद केलंत तर ज्याचा नंबर होता तो रुसून बसायचा आणि तिसरा कॅमेरा बंद व्हायचा.