मुलांची आंघोळ: रोज, दिवसाआड की जमेल तेव्हा?

मुलांच्या त्वचेविषयी प्रश्न पाठवा म्हटलं, तर निम्म्याहून जास्त पत्रं आंघोळीचीच आली. टँकरचं पाणी, बोअरचं जड पाणी, सकाळची शाळा, घरातल्या मोठ्यांचा धाक, सगळं त्यात आहे. त्यातले काही प्रश्न निवडून, साधारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती उत्तरं देते आहे.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळाभर टँकरवर भागवावं लागतं. मुलगा तिसरीत, मुलगी सहावीत. सासूबाई म्हणतात, पारोसं पोर शाळेत पाठवायचं नाही. रोज दोघांना बादली-बादली पाणी कुठून आणू? दिवसाआड चालेल का?
*– एक आई, औसा तालुका, जि. लातूर*

चालेल. मुलाला तर नक्कीच चालेल. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून किमान एक-दोनदा आंघोळ पुरे म्हणते. अंग मळलं, घाम आला, पोहून आलं की अर्थात लगेच. आणि वयात येऊ लागल्यावर रोज. आता तिथली हवा आणि आपला एप्रिल यांत फरक आहे. पारा चाळिशी ओलांडतो, पोरं धुळीत खेळून घामानं चिंब होतात, तेव्हा आपल्याकडे अंग रोज स्वच्छ झालेलं बरं. पण त्यासाठी रोज बादलीच लागते असं नाही.

घाम आणि घाण साठते ती ठरावीक ठिकाणी: चेहरा, कानांच्या मागे, मानेच्या वळ्या, काखा, जांघा, ढुंगण आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या. पाठ, पोट, दंड, पोटऱ्या एक दिवस राहिल्या तर काही बिघडत नाही. दोन तांबे पाणी आणि जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे दोन तुकडे घ्या. एका तुकड्याला थोडा साबण लावून चेहऱ्यापासून खाली पुसत या, जांघा आणि ढुंगण शेवटी. दुसऱ्या तुकड्यानं साबण काढा. वापरलेलं कापड तांब्यात परत बुडवू नका. त्यावर वरून पाणी ओता आणि पिळा, म्हणजे तांब्यातलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. पोराला घमेल्यात उभं केलं तर खालचं पाणी संडासात ओतायला होतं. मग कोरड्या पंचानं बेचक्या आणि जांघा नीट टिपायच्या. ओल राहिली की नायटा तिथेच धरतो. चड्डी-बनियन मात्र रोज बदला.

दिवसाआड पूर्ण आंघोळ घालाल तेव्हा लहानग्याला अर्धी बादली, म्हणजे आठ-दहा लिटर, पुष्कळ झाली. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलं आहे, तेही स्वयंपाक, पिणं, धुणं, संडास सगळं मिळून. टँकरच्या गावात तेवढंही मिळत नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हाचे दिवस तुमच्या सासूबाईही विसरल्या नसतील.

पाणी राखायचंच असेल तर ते हातांसाठी राखा. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबण लावून वीस सेकंद हात चोळणं, हे पोरांना आजारापासून वाचवण्यात रोजच्या आंघोळीच्या कितीतरी पुढे आहे. साबणानं हात धुण्याची सवय लागली की जुलाब साधारण 30 टक्क्यांनी कमी होतात.

सासूबाईंच्या हट्टामागे नातवंडांची काळजीच आहे. त्यांना सांगा, पोर घाण राहणार नाही, धुण्याची रीत तेवढी बदलली आहे. आणि शिक्षक हे वाचत असतील तर त्यांना कळकळीनं सांगते: आंघोळ केली नाही म्हणून वर्गात पोराला उभं करू नका. घरात पाणी आलं की नाही, हे त्याच्या हातात नसतं.

प्रश्न: मुलगा दहा वर्षांचा. शाळा सकाळी सातची. थंडीत आंघोळीला उठवलं की रडारड होते. संध्याकाळी घातली तर चालते का? सर्दी होईल का?
*– एक वडील, परभणी*

खुशाल संध्याकाळी घाला. उलट दिवसभराची धूळ आणि घाम धुऊन पोर अंथरुणात जातं, ते चांगलंच. सकाळी तोंड, हात, पाय धुतले की झालं. परभणीच्या डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, अशा पहाटे साडेपाचला पोराला कुडकुडत मोरीत उभं करून कोणाचंच भलं होत नाही. सर्दी विषाणूमुळे होते, ओल्या केसांमुळे नाही. तरी झोपण्याआधी डोकं कोरडं करा, झोप नीट लागते.

थंडीतली मला खरी भीती तापवलेल्या पाण्याची वाटते. बादलीत आधी कडकडीत पाणी ओतून मग विसण घालायची पद्धत घरोघरी आहे. ती उलटी करा. आधी गार पाणी, मग त्यात गरम. उकळतं पाणी असलेल्या बादलीत हात घातलेली, ती अंगावर ओढून घेतलेली पोरं दर हिवाळ्यात भाजून येतात. पाणी कोपरानं बघायचं. कोपराला कोमट लागलं की पोराला पुरे. रॉडनं पाणी तापवत असाल तर बटण बंद करून, पिन काढून, मगच पाण्याला हात लावा, आणि हे काम दहा वर्षांच्या पोरावर कधीही सोपवू नका. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात असेल तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याला वास नसतो, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस नुसता गळून पडतो. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवून घ्या. तोवर बादली भरून गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच पोराला आत पाठवा.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची. रोज आंघोळ करते, तरी मान काळीच. मी वजरीनं घासते, लिंबू लावलं, बेसन लावलं. मैत्रिणी "मळकी" म्हणतात म्हणून ती रडते. काय करू?
*– एक आई, छत्रपती संभाजीनगर*

घासणं आजच थांबवा. हा मळ नाही.

बाह्यरुग्ण विभागात अशा मुली येतात तेव्हा मानेवर दोन गोष्टी दिसतात: मागच्या बाजूला मखमलीसारखी जाडसर, काळपट कातडी आणि त्यावर घासल्याचे लाल ओरखडे. पहिली गोष्ट आजार सांगते, दुसरी आपण केलेली असते. घासल्यानं कातडी आणखी जाड आणि आणखी काळी होते. लिंबू तर लावूच नका, उन्हात गेल्यावर त्यानं डाग पडतात.

अशी काळी जाड मान बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. काखेत, कधी जांघेतही तसंच दिसतं. वजन वाढलेल्या मुलांत आणि घरात आई-वडिलांना मधुमेह असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. म्हणून मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. उंची, वजन, रक्तदाब बघतील, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासायला सांगतील. वजन हळूहळू आटोक्यात आलं की मानही उजळते, पण महिने लागतात. बाटलीतली गोड पेयं, पाकिटातले कुरकुरे आणि बेकरीचे पदार्थ सगळ्या घरानंच बंद करा, एकट्या तिचे नको. आणि रोज तासभर तरी खेळ.

काही मुलांत मळासारखे तपकिरी डाग असतात, साबणानं मुळीच निघत नाहीत, पण दवाखान्यात स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले की लगेच निघतात. तोही अस्वच्छतेचा प्रकार नाही. डॉक्टर एका मिनिटात फरक सांगतील.

मुलीला मात्र आज रात्रीच जवळ बसवून सांगा की ती मळकी नाही, कधीच नव्हती.

प्रश्न: ऊसतोडीला गेलेल्या पालकांची मुलं आमच्या हंगामी वसतिगृहात राहतात. पंधरा-वीस मुलांना खाज सुटली आहे, रात्री झोपत नाहीत. रोज आंघोळ घालतो, कडुलिंबाचं पाणी वापरतो, तरी कमी नाही. आंघोळ कमी पडते का?
*– एक शिक्षक, बीड जिल्हा*

आंघोळ कमी पडत नाही. वर्णनावरून ही खरूज वाटते, आणि खरूज आंघोळीनं जात नाही. डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बीळ करून राहतो, पाण्यानं तो वाहून जात नाही. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कंबर, बेंबीभोवती आणि मुलग्यांच्या लिंगावर बारीक पुळ्या बघा. खाज रात्री वाढते आणि एका अंथरुणात झोपणाऱ्या सगळ्यांना सुटते, ही त्याची ओळख.

डॉक्टरांकडून खात्री करून घेतल्यावर साधारणपणे 5 टक्के परमेथ्रिनचं मलम दिलं जातं. ते खाज असलेल्या जागी नाही, गळ्यापासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावायचं: बेचक्या, जांघा, नखांखाली, बेंबीत. रात्री लावून आठ ते बारा तास ठेवायचं, सकाळी आंघोळ. हात धुतले तर हाताला परत लावायचं. आठवड्यानं पुन्हा एकदा. सगळ्यात महत्त्वाचं: वसतिगृहातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. खाज नसलेल्यांनी, स्वयंपाकाच्या मावशींनी आणि तुम्हीही. पाच मुलं जरी राहिली तर महिन्यात सगळं पहिल्यासारखं.

त्याच सकाळी अंगावरचे कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. गोधड्या धुणं जमणार नाही, त्या मोठ्या प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा फारसा जगत नाही. औषध लागू पडल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून मलम पुन्हा पुन्हा लावू नका.

मेडिकलमधून विचारून आणलेली "खाजेची" मलमं नको. त्यांत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं खरूज आणि नायटा दोन्ही दबतात, रूप बदलतात आणि पसरतात. एखाद्या मुलाच्या पुळ्यांत पू झाला, तोंडावर सूज आली किंवा लघवी लालसर झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते.

इतक्या मुलांचं औषध स्वतःच्या खिशातून करायची वेळ तुमच्यावर यायला नको. प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बोलवा, शाळकरी मुलांच्या त्वचेचे आजार त्यांच्या तपासणीत येतात. साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आई-वडील कोप्यांवरून (ऊसतोडीच्या झोपड्यांवरून) परततील, तेव्हा त्यांनाही खाज आहे का विचारा. असेल तर पोराला मिठी मारण्याआधी नव्हे, पण त्या आठवड्यात तरी त्यांचा उपचार झाला पाहिजे.

प्रश्न: बोअरच्या पाण्यात साबणाला फेसच येत नाही. मुलांची कातडी पांढरट, खरखरीत झाली आहे. पाण्यात जंतुनाशक टाकावं का? कोणता साबण?
*– एक आई, धाराशिव*

जंतुनाशक नको. निरोगी पोराच्या आंघोळीत त्याचं काही काम नाही, कातडी मात्र कोरडी पडते. जंतुनाशक साबण साध्या साबणाहून सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही म्हणून 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ट्रायक्लोसॅनसह 19 घटक अशा साबणांतून काढायला लावले.

जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि तो अंगावर बसतो. म्हणून साबण कमी: काखा, जांघा, पाय एवढ्यालाच. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे मिळाले तर उत्तम. अंग पुसून पूर्ण कोरडं होण्याआधीच, तीनेक मिनिटांत, खोबरेल तेल किंवा साधं पांढरं व्हॅसलीन चोपडा. आंघोळीआधी लावलेलं तेल साबणानं निघून जातं, नंतर लावलेलं टिकतं. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत लाल चट्टे असतील, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: मुलगी साडेअकरा वर्षांची. घामाला वास येऊ लागलाय. नुकतीच पाळी आली. जाऊबाई म्हणतात, त्या दिवसांत डोक्यावरून पाणी घेऊ नये.
*– एक आई, जालना*

वयात येताना काखेतल्या वेगळ्या घामग्रंथी सुरू होतात, वास त्यामुळे. आता रोज काखा आणि जांघा साबणानं धुणं आणि घामाचा गणवेश धुऊन उन्हात वाळवणं, एवढ्यानं भागतं. एकच गणवेश असेल तर निदान त्याच्या बाह्या रोज रात्री धुवा. मुलीत आठ वर्षांआधी किंवा मुलग्यात नऊ वर्षांआधी असा वास सुरू झाला तर डॉक्टरांना दाखवायचं. तुमच्या मुलीचं वय अगदी योग्य आहे.

पाळीत रोज आंघोळ करावी, केसही हवे तेव्हा धुवावेत. कोमट पाण्यानं पोटदुखीलाही आराम पडतो. बाहेरचा भाग नुसत्या पाण्यानं धुवायचा, आत साबण घालायचा नाही. पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, शाळेत असली तरी.

प्रश्न: नातवाला कांजिण्या आल्यात. नऊ दिवस पाणी लावायचं नाही, असं आमच्यात आहे. सून ऐकत नाही.
*– एक आजी, हिंगोली*

आजी, सुनेचं बरोबर आहे. कोमट पाण्यानं रोज अंग धुवा, खाज कमी होते आणि फोडांत पू होत नाही. घासायचं नाही, मऊ कापडानं टिपायचं. कडुलिंबाचा पाला घालून पाणी गार-कोमट करून वापरलंत तरी हरकत नाही. नखं आजच कापा. ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामोल. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत त्याला शाळेत पाठवू नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला त्याच्यापासून लांब ठेवून आजच डॉक्टरांना विचारा.