चिमण्यांच्या लाकडी घरट्यात अंडी आहेत का ते झाकण उघडून बघितलं तर चालेल का?
नको, उघडू नका, लांबूनच सगळं कळतं. आमच्या गॅलरीत दरवर्षी चिमण्या घरटं करतात त्यावरून सांगते, काड्या-पिसं आणणं कमी होऊन दोघं आळीपाळीने आत बसायला लागले की अंडी आहेत समजायचं, मग साधारण ११ ते १४ दिवसांनी चोचीत अळ्या घेऊन फेऱ्या चालू झाल्या की पिल्लं आली, थोड्या दिवसांत आतला कलकलाट पण ऐकू येतो. पिल्लं दोनेक आठवडे आत असतात आणि शेवटी शेवटी झाकण काढलं तर घाबरून नीट उडता येण्याआधीच बाहेर उडी मारतात, खाली मांजर टपलेलंच असतं. फक्त मुंग्यांची रांग आत जाताना दिसली तर मात्र दोघं बाहेर असताना पटकन उघडून बघा.