गोळी आणि चहा

प्रश्न : मी सोलापुरात विड्या वळते. हिमोग्लोबिन ८.४ आलंय. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळी होते म्हणून त्या सोडल्या. बीट खाल्लं तर भागेल का?

उत्तर : ताई, बिटाच्या रंगावर जाऊ नका, त्यात लोह बेताचंच. हिमोग्लोबिन किमान १२ हवं. एवढी तूट नुसत्या जेवणाने भरत नाही. काळी शौच गोळीमुळेच होते, घाबरू नका. गोळी आजच सुरू करा, लिंबूपाण्यासोबत. मळमळलं तर जेवणानंतर घ्या. विड्या वळताना चहा सारखा चालू असतो, ठाऊक आहे मला. गोळीच्या आधी-नंतर दोन तास मात्र नकोच. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवा, शरीरातला लोहाचा साठा भरायचा असतो. पाळीत अंगावरून जास्त जातं का, तेही डॉक्टरांना न लाजता सांगा. शाकाहारी असाल तर बी-१२ हे जीवनसत्त्वही तपासून घ्या.