वाचकांचे प्रश्न : कंडरा नेमकी कुठे तुटते?

प्रश्न : मी बायोइंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करते. जखम भरलेली कंडरा (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) किती मजबूत झाली, हे ओढून तपासायचं आहे. सरावासाठी दुकानातून कोंबडीचे पाय आणून त्यातल्या कंडरा काढल्या. ओढणाऱ्या यंत्रावर लावल्या की काही त्याच्या पकडीच्या जबड्यातून निसटतात, काही जबड्यालगतच तुटतात. आकड्यांचा मेळच बसत नाही.
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : सध्या तुमचं यंत्र कंडरेपेक्षा पकडीचीच ताकद मोजतं आहे. ओल्या कंडरेवर जबडा आवळला की आतलं पाणी बाहेर येतं, ती चपटी होते आणि पकड सैल पडते. म्हणून आणखी आवळावं, तर तंतू चिरडतात आणि तिथेच तुटतात.

दोन्ही टोकं साधारण १० मिमी टिश्यू पेपरने टिपून कोरडी करा. पॉलिश पेपरच्या दोन तुकड्यांच्या खरखरीत बाजू आत ठेवून, त्यांत टोक फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटवा आणि मग जबड्यात धरा. गोंद मधल्या भागात ओघळू देऊ नका, तिथली कंडरा कडक होते. एवढं करूनही निसटली, तर टोकं सुक्या बर्फाने गोठवणारे जबडे वापरा. मात्र मधला भाग गोठत नाही ना, यावर नजर ठेवा.

ओलावा सांभाळणं तितकंच महत्त्वाचं. एसी लॅबमध्ये उघडी कंडरा भराभर वाळते आणि आहे त्यापेक्षा ताठ वाटते. मधल्या भागाभोवती सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज ठेवा. साठवताना तशाच गॉजमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा, आणि एकदा वितळवलेली पुन्हा गोठवू नका.

आधी अगदी हलका ताण देऊन ढिलाई काढा आणि मूळ लांबी तेव्हाच मोजा. मग १० वेळा थोडं ताणून सोडा, त्यानंतरच तुटेपर्यंत ओढा. वेग सगळ्या नमुन्यांना एकच हवा. जबड्यांमधलं अंतर वाढलं म्हणजे कंडरा तेवढीच लांबली, असं धरू नका. मधे शाईचे दोन ठिपके देऊन व्हिडिओवरून मोजा. जबड्यापाशी तुटलेला नमुना बाद करा आणि किती बाद झाले तेही नोंदवा.

खऱ्या प्रयोगात एक फसगत होते. भरलेली कंडरा जाड होते. तिच्यात सुरुवातीला टाइप ३ कोलॅजन (तंतू बनवणाऱ्या प्रथिनाचा बारीक, कमी मजबूत प्रकार) जास्त असतं आणि तंतू विस्कळीत असतात. जाडीमुळे ती बराच भार पेलते, पण क्षेत्रफळाने भागलं की तिचा कमकुवतपणा दिसतो. म्हणून एकूण भार (न्यूटन) आणि क्षेत्रफळाने भागलेला भार (मेगापास्कल) दोन्ही द्या. रुंदी-जाडी कॅलिपरने दाबून घेऊ नका, काटकोनातल्या दोन फोटोंवरून काढा. त्याच प्राण्याच्या शस्त्रक्रिया न केलेल्या दुसऱ्या पायाशी तुलना सोयीची असली, तरी दुखऱ्या पायाचा भार त्यावर पडलेला असतो. शस्त्रक्रिया न केलेल्या प्राण्यांचा वेगळा गट ठेवाच. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : काच लागून मुलाच्या बोटाची कंडरा तुटली होती. ती शिवून १० दिवस झाले. स्प्लिंट काढून बोट हलवलं तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्प्लिंट स्वतःहून काढू नका. पहिल्या काही आठवड्यांत टाका हाच मुख्य आधार असतो. पण बोट अजिबात न हलवल्यास कंडरा आजूबाजूला चिकटते, म्हणून सर्जन आणि हॅन्ड थेरपिस्ट सांगतील तेवढीच हालचाल स्प्लिंटमध्येच करायची. वजन उचलणं सहसा १२ आठवड्यांनंतर. बोट अचानक वाकेनासं झालं, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.